पुढच्या फेरीची यादी

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की डॉक्टर होण्याचा प्रश्न मिटला, असा आमच्या नात्यागोत्यातील बहुतेकांचा समज होता. ७२० पैकी किती गुण पडले हे कळल्याबरोबर पुढचा प्रश्न येई, ‘मग कुठे लागला नंबर?’ त्यावर ‘अजून यादी लागायची आहे’ एवढेच उत्तर आम्ही जूनपासून ऑक्टोबरपर्यंत देत राहिलो. माझ्या मुलीने २०२४ साली बारावीबरोबरच नीट दिली. त्या वर्षभरात परीक्षेपेक्षा परीक्षेनंतरचे महिने आम्हाला अधिक अवघड गेले, कारण अभ्यास निदान तिच्या हातात होता; पुढचे बरेचसे आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हते. आता बार्शीतील ओळखीचे पालक या प्रक्रियेबद्दल विचारू लागले आहेत, म्हणून मला जे समजले ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

२०२४ चे वर्ष मुळातच विचित्र होते. परीक्षा ५ मे रोजी झाली आणि निकाल १४ जूनला अपेक्षित असताना ४ जूनलाच, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, जाहीर झाला. देशभरात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. काहींना ७१८ आणि ७१९ गुण होते. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा या हिशेबात ते बसतच नव्हते. मग कळले की काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्यात आले होते. ते गुण नंतर रद्द झाले, त्या विद्यार्थ्यांसाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली, पेपरफुटीचा तपास बिहार आणि झारखंडमधून सुरू होऊन त्याचे धागे लातूरपर्यंतही आले, आणि संपूर्ण परीक्षाच रद्द होणार का या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. आमच्या घरात त्या काळात दोन पक्ष पडले होते. परीक्षा पुन्हा व्हावी असे माझ्या यजमानांना तत्त्व म्हणून वाटत होते. मुलीला ते ऐकवतही नव्हते. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली, तेव्हा तिने पुस्तकांचे खोके पहिल्यांदा कपाटावर चढवले.

त्याच सुनावणीत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचा निकाल लागला. एनसीईआरटीच्या जुन्या आणि नव्या पुस्तकातील फरकामुळे त्या प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरण्यात आली होती. दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले आणि सुमारे ४ लाख २० हजार विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे १७ उरले. माझ्या मुलीने बरोबर पर्याय निवडला होता, त्यामुळे तिचे गुण जिथल्या तिथे राहिले, पण अखिल भारतीय क्रमांक सुधारला. आपण काहीही न करता आपला क्रमांक बदलू शकतो हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. पुढच्या तीन महिन्यांत ते वारंवार अनुभवास आले.

गुण आणि क्रमांक यांतील अंतर अनेक पालकांच्या लक्षात येत नाही, निदान आमच्या तरी आले नव्हते. २०२३ मध्ये ६५० गुणांना देशात साधारण सात हजारांच्या आसपासचा क्रमांक मिळत होता. २०२४ मध्ये तेवढ्याच गुणांचा क्रमांक तीस हजारांच्या घरात गेला. त्यामुळे ‘आमच्या भाच्याला इतक्या गुणांवर मिरज मिळाले’ या वाक्याला काहीही अर्थ उरत नाही. उलट २०२५ मध्ये भौतिकशास्त्र फार कठीण निघाले आणि गुण एकदम खाली आले, तेव्हा २०२४ च्या गुणांकडे पाहून घाबरलेल्या पालकांना धीर द्यावा लागला. मागच्या वर्षीच्या याद्या पाहायच्याच असतील तर क्रमांक पाहावेत, आणि तेही आपल्या प्रवर्गाचे. महाराष्ट्रात महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच राखीव वाटा, आहे, त्यामुळे एकाच महाविद्यालयाचा खुल्या प्रवर्गाचा, ओबीसीचा आणि ओबीसी महिलांचा शेवटचा क्रमांक वेगवेगळा असतो. शिवाय राखीव प्रवर्गातील उमेदवाराला गुणवत्तेवर खुल्या जागेवरही प्रवेश मिळतो, हे गृहीत धरूनच ते आकडे वाचावे लागतात.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्या केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी कक्ष, भरतो. अभिमत विद्यापीठांच्या, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांच्या, जागाही एमसीसीकडेच असतात. त्यांपैकी अनेकांचे वार्षिक शुल्क वीस लाखांच्या पुढे असल्याने आम्ही तिकडे पाहिले नाही. राज्याच्या जागांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. मुलांना अकरावीतच राजस्थानातील कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा, कारण बारावीची परीक्षा परराज्यातून दिली की तो दरवाजा बंद होण्याची शक्यता असते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सर्वाधिक घरे तिथेच अडतात. आम्ही ओबीसी. राज्याच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागत होते. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र वेगळे, आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले. दोन्ही कागदांवर मजकूर जवळजवळ सारखा, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आमचे जात वैधता प्रमाणपत्र तिच्या अकरावीतच निघाले होते आणि त्याचे श्रेय तिच्या महाविद्यालयातील एका लिपिकांना आहे. त्यांनी प्रत्येक पालकाला सही घेऊन सूचना दिली होती. २०२४ हे मराठा समाजासाठीच्या नव्या एसईबीसी आरक्षणाचे पहिले वर्ष होते. त्या वर्षी फेब्रुवारीत कायदा झाला आणि जूनपासून सेतू केंद्रासमोर रांगा लागल्या. वैधता प्रमाणपत्र सादर करण्यास नंतर मुदतवाढ मिळाली, पण मुदतवाढ मिळेल की नाही या चिंतेत एका मैत्रिणीच्या घरी महिनाभर कुणी धड जेवले नव्हते. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीचे वर्ष सुरू होण्याआधीच करावा, याहून उपयोगी सल्ला माझ्याजवळ नाही.

नोंदणी झाली, कागदपत्रे अपलोड झाली, आणि राज्याची तात्पुरती गुणवत्ता यादी आली. आता देशातील क्रमांकाच्या जोडीला राज्यातील क्रमांक मिळाला. त्यानंतर जागांचा तक्ता येतो, म्हणजे कोणत्या महाविद्यालयात कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा आहेत ते कळते, आणि पसंतीक्रम भरण्यासाठी काही दिवस मिळतात. या सगळ्या प्रक्रियेत विद्यार्थ्याचे स्वतःचे म्हणणे ऐकून घेतले जाते अशी ही एकच जागा आहे. आणि नेमक्या इथेच सर्वाधिक चुकीचे सल्ले मिळतात.

आम्हाला मिळालेला सर्वात आग्रही सल्ला असा होता की, जे महाविद्यालय मिळण्यासारखे नाही ते यादीत वर टाकू नये, नाहीतर ‘पसंती वाया जाते’ आणि हातची जागाही जाते. प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या एका गृहस्थांनी भरभक्कम शुल्क घेऊन हेच सांगितले आणि पहिल्या क्रमांकावर एक दूरचे नवे महाविद्यालय लिहून दिले. मुलीला ते पटले नाही. तिने नियमावली काढून जागावाटप कसे होते ते वाचले आणि मला कागदावर मांडून दाखवले. संगणक गुणवत्ता यादीत वरून खाली येतो. एका उमेदवाराची पाळी आली की त्याच्या पसंतीक्रमातही तो वरून खाली जातो, आणि त्या उमेदवाराला लागू असलेली जागा ज्या महाविद्यालयात प्रथम शिल्लक सापडेल ते त्याला देतो. मगच पुढच्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे वळतो. म्हणजे तिने पहिल्या क्रमांकावर मुंबईचे केईएम लिहिले, दुसऱ्यावर पुण्याचे बी. जे. लिहिले आणि दोन्हीकडे जागा नसली, तरी तिसऱ्या क्रमांकावरील सोलापूरचा विचार तिच्या पाळीतच होतो. तिच्यानंतरचा कुणी त्या दरम्यान ती जागा घेऊन जाऊ शकत नाही. वर लिहिलेले अशक्य नाव तिचे काहीच बिघडवत नाही. याउलट, न आवडणारे नाव ‘मिळेल म्हणून’ वर लिहिले आणि खरोखर मिळाले, तर त्याखालची हवीशी वाटणारी महाविद्यालये संगणक पाहतही नाही.

इतकी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांना का पटत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, अकरावीच्या प्रवेशापासून नोकरीच्या अर्जापर्यंत आपल्याकडे ‘झेपेल तेवढेच मागा’ हे इतके मुरलेले असते की, मनातली खरी इच्छा क्रमाने लिहा असे एखादा अर्ज सांगत असेल यावर विश्वास बसत नाही. शिवाय जुने नियम ऐकीव रूपात टिकून राहतात. माझ्या चुलत दिरांना वैद्यकीय प्रवेश मिळाला तो बारावीच्या गुणांवर, राज्यात सीईटी सुरू झाली त्या १९९९ सालाच्या आधी. ते अजूनही विभागीय कोट्याचा हिशेब सांगतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा विभागीय कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातील मुलांना, २०२० मध्ये रद्द झाला आहे. बार्शीहून धाराशिव तासाभराच्या अंतरावर, पण विभाग वेगळा, त्यामुळे आमच्या भागात या बदलाला विशेष महत्त्व आहे. अखिल भारतीय कोट्यातील रिकाम्या जागा दुसऱ्या फेरीनंतर राज्याकडे परत येतात, हेही असेच जुने वाक्य. २०२१ पासून तसे होत नाही.

पहिल्या फेरीच्या जागावाटपाची यादी ऑगस्टच्या अखेरीस लागली. यादी म्हणजे शेकडो पानांची पीडीएफ, हजारो नावे क्रमांकानुसार. मुलीने केवळ शासकीय आणि महापालिकेची महाविद्यालये लिहिली होती, आणि तिच्या नावासमोर ‘चॉईस नॉट अव्हेलेबल’ असे लिहिलेले होते. लिहिलेल्यांपैकी एकाही महाविद्यालयात तिच्या पाळीपर्यंत जागा उरली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पण तो लावायला आम्हाला थोडा वेळ लागला. शेवटची जागा तिच्याहून दोनशे-अडीचशे क्रमांक वर थांबली होती.

इथून पुढची वाट पाहणे वेगळ्या प्रकारचे होते. एसटीत उभ्याने प्रवास करणारा माणूस जसा बसलेल्यांकडे पाहून पुढच्या थांब्यावर कोण उतरेल याचा अंदाज घेतो, तशी मी ती यादी वाचू लागले. राज्यातून जागा मिळालेल्या काही जणांना अखिल भारतीय कोट्याच्या दुसऱ्या फेरीत दिल्ली किंवा अहमदाबाद मिळेल आणि ते राज्याची जागा सोडतील. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची स्वतंत्र चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. तिथे निवडलेली मुले इथून कमी होतील. काही जण वर सरकतील आणि त्यांची आधीची जागा खालच्याला मिळेल. एक मुलगा केईएमला गेला की त्याची बी. जे. मधील जागा सोलापूरच्या मुलीला, तिची सोलापूरची नांदेडच्या मुलाला, अशी साखळी कुठेतरी खाली येऊन पोहोचते. आमच्या घराचा पुढचा महिना, ज्यांची नावेही आम्हाला ठाऊक नव्हती अशा मुलांच्या घरातील चर्चांवर अवलंबून होता. वरचा मुलगा दिल्लीला जाण्याचे ठरवतो की आईच्या आजारपणामुळे मुंबईतच राहतो, याचा परिणाम बार्शीत जाणवणार होता.

त्यातच सप्टेंबरमध्ये राज्याची नवी शासकीय महाविद्यालये वाढली. जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, अमरावती, भंडारा, गडचिरोली, अंबरनाथ, नाशिक आणि मुंबई अशी दहा महाविद्यालये मिळून ९०० जागा, आणि त्यांतील बऱ्याच जागांची परवानगी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असतानाच आली. इमारत नाही, प्राध्यापक कुठून आणणार, अशी टीका तेव्हा झाली आणि ती मला अजूनही योग्य वाटते. नव्या महाविद्यालयांत अध्यापकांची कमतरता असते हे काही गुपित नाही. पण त्या बातमीने माझ्या घरात पेढे आले, हेही खरे. नागरिक म्हणून असलेले माझे मत आणि आई म्हणून झालेला आनंद यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

दुसऱ्या फेरीत तिला गोंदिया मिळाले. राज्याच्या नकाशावर बार्शीपासून जितके दूर जाता येईल जवळजवळ तितके ते दूर. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेण्याची मोकळीक असते. दुसऱ्यापासून नियम कडक होतात आणि रुजू न झाल्यास पुढच्या फेऱ्यांना मुकावे लागते. त्यामुळे जाणे भागच होते. दौंडहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आम्ही गेलो, मूळ कागदपत्रे जमा केली, शुल्क भरले, आणि तिथे ‘स्टेटस रिटेन्शन’चा प्रश्न समोर आला.

ही पायरी नीट समजून घेण्यासारखी आहे. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर रिटेन्शनचा अर्ज भरायचा. तो भरला की जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्यांतून आपण बाहेर. तो न भरता रुजू झाले तर जागा हातात राहते आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळू शकतो. मात्र तसा पर्याय मिळाला की आधीची जागा त्याच क्षणी आपोआप रद्द होते, कारण ती पुढच्या कुणाला तरी दिलेली असते. ‘पाहू या मिळाले तर, नाही आवडले तर इथेच राहू’ हा मार्गच नाही. म्हणून या टप्प्यावर पसंतीक्रमात फक्त तीच महाविद्यालये ठेवायची, जी हातातल्या जागेपेक्षा आपल्याला निश्चितपणे हवी आहेत. आमच्या ओळखीतील एका मुलाने पहिल्या फेरीतील लांबलचक यादी तशीच ठेवली होती, आणि हातातल्या महाविद्यालयापेक्षा त्याला कमी आवडणारे महाविद्यालय ‘वरचा पर्याय’ म्हणून त्याच्या पदरात पडले.

आमच्याकडे यावर खूप चर्चा झाली. माझे म्हणणे, मिळाले आहे ते पक्के करावे. गोंदियाला रुग्ण भरपूर असतात आणि शिक्षण शेवटी वॉर्डात होते, असे मला वाटत होते. साडेपाच वर्षे घरापासून दूर राहून मुलगी काही बिघडणार नव्हती. तिचे वडील सोलापूरसाठी अडून बसले होते. तिने स्वतः यादी सहा नावांवर आणली. त्यांत सोलापूर, मिरज, अंबाजोगाई, लातूर, बारामती आणि धाराशिव एवढीच नावे ठेवली, आणि रिटेन्शन भरले नाही. लातूर वर की धाराशिव, यावर तिच्याशी एकदा बोलले. बाकीचे तिने ठरवले.

तिसऱ्या यादीपर्यंत गोंदियात वर्ग सुरू झाले होते. तिने तिथे शरीररचनाशास्त्राच्या तासांना हजेरी लावली, मैत्रिणी केल्या, वसतिगृहात गादी घेतली आणि रात्री फोनवर ‘आई, पुढची यादी कधी?’ असे विचारत राहिली. पहिल्या वर्षाच्या वर्गातील बरीचशी मुले अशीच अर्धवट बसलेली होती, असे ती सांगे. कुणी विच्छेदनासाठी टेबलावरचा गट ठरवायला तयार नव्हते, कारण गटातले कोण राहणार हेच ठाऊक नव्हते. या लांबलेल्या वेळापत्रकाचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नसावा, पण पहिल्या वर्षाचे शिकवणारे अध्यापक तो दरवर्षी सोसतात.

ऑक्टोबरमधील तिसऱ्या यादीत तिला धाराशिव मिळाले. २०२२ साली सुरू झालेले महाविद्यालय, म्हणजे तेही नवेच. सोलापूर मिळाले नाही याचे तिच्या वडिलांना अजून वाईट वाटते. मला तसे वाटत नाही. कागदपत्रे सोडवून आणण्यासाठी पुन्हा गोंदियाचा प्रवास झाला. जाण्याआधी मी यादीत गोंदियाचा संकेतांक शोधून तिने सोडलेल्या जागेसारख्या जागेवर कुणाचे नाव आहे ते पाहिले. तिच्याहून बऱ्याच खालच्या क्रमांकाची एक मुलगी होती, आणि तिच्या नावासमोर आधीच्या फेरीत ‘चॉईस नॉट अव्हेलेबल’ होते. धाराशिवला रुजू होताना रिटेन्शनचा अर्ज भरण्यास माझ्या मुलीने पाच मिनिटेही घेतली नाहीत.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट मी सोडलेला नाही. यंदाच्या पालकांकडून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न तोच आहे: लागण्याची शक्यता नसताना केईएम पहिल्या क्रमांकावर लिहावे का? मुलाला तिथे शिकायचे असेल तर लिहावे, असे मी उत्तर देते, आणि सोबत नियमावलीतील जागावाटपाच्या पानाचा फोटो पाठवते. त्यानंतर बहुधा दुसरा प्रश्न येतो, की जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज केलेला नाही, आता काय करावे? त्याचे उत्तर मात्र मला फोन करूनच द्यावे लागते.